तांडेलांची उजवी मांडी

हिराजी तांडेल आपल्या पायांना शिव्या द्यायचे. उजव्या पायाचं नाव त्यांनी धर्मा ठेवलं होतं आणि डाव्याचं गोविंद. ही त्यांच्या बोटीवरच्या दोन खलाशांची नावं, आणि दोघंही अख्ख्या घिवलीत कामचुकार म्हणून प्रसिद्ध. मी सकाळी त्यांच्या खाटेपाशी पोचायचे तेव्हा हजेरी चाललेली असायची. "धर्म्या, ऊठ! भरती लागली, अजून घोरतोस? गोविंद्या, तुला काय पालखी पाठवू?" पुढचं इथे लिहिता येण्यासारखं नाही. बाहेर ओटीवर खरा धर्मा जाळं सांधत बसलेला असायचा. तो हे सगळं ऐकून मान खाली घालून हसायचा. पाय मात्र हलायचे नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट. ऐंशीच्या दशकात बोईसरला हा शब्द कोणाला उच्चारता यायचा नाही आणि मलाही तो धड समजावून सांगता यायचा नाही. माझे यजमान वीज केंद्रात नोकरीला, म्हणून सांगलीहून आम्ही तिथल्या वसाहतीत राहायला आलो. घरी बसून भिंती किती बघायच्या, म्हणून मी बोईसरच्या एका धर्मादाय दवाखान्यात सकाळचं काम धरलं. तिथे गुडघे आणि माना यांच्यापलीकडे फारसं काही येत नसे. एक दिवस दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "घिवलीला एक तांडेल आहे. मणक्याचं ऑपरेशन होऊन मुंबईहून परत आलाय. व्यायाम लिहून दिलाय त्यांनी. जाऊन या. फार काही व्हायचं नाही, पण जाऊन या."

तांडेल म्हणजे बोटीचा मालक-कप्तान. तो म्हणेल तेव्हा बोट निघते, तो म्हणेल तिथे जाळं पडतं आणि समुद्रात त्याच्या शब्दापुढे कोणाचा शब्द चालत नाही. असा माणूस चाळिशीत खाटेवर पडलेला आणि समोर एसटीतून उतरलेली, पर्स सावरणारी मी. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि बायकोला हाक मारली. "जानके, ही बाय माझे पाय धरनार?"

जानकीबाई चुलीपाशी बोंबील भाजत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "धरू दे. इतके दिवस मी धरते, तवा कुठं लाजलात?"

"ही शिकवनार काय?"

"व्यायाम शिकवते," मी म्हटलं.

"मंग मास्तरीन हाय." झालं. पुढे मला घिवलीत कोणी दुसऱ्या नावाने ओळखलं नाही. एसटीचा कंडक्टरसुद्धा "मास्तरीनबाय, उतरा" म्हणायला लागला. फक्त जानकीबाई मला 'बाय' म्हणायच्या, आपल्या घरातल्या बाईला म्हणावं तशा.

त्यांना लागलं कसं ते गावात प्रत्येकाने मला सांगितलं, पण त्यांनी स्वतः सांगितलं ते असं. पावसाळ्याच्या तोंडावर बोटी किनाऱ्यावर ओढून घेतात, दोन्ही बाजूंनी टेकू लावतात आणि वरून झावळ्यांनी शाकारतात. तांडेलांची बोट वर आली होती. तळाच्या फळीतून पाणी कुठून झिरपतं ते बघायला ते खाली शिरले, टेकू वाळूत सरकला आणि बोट पाठीवर आली. "टेकू माझाच होता," ते म्हणाले. "दुसऱ्यानं लावलेला असता तर त्याला मारला असता. आता कोनाला मारू?" हे ते हसत म्हणाले होते. मला हसू आलं नाही.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात त्यांच्या पाठीत दोन सळया घालून मणका बसवला होता. टाके सुंदर भरले होते. मी तेवढी सरळ जखम फार थोड्या वेळा बघितली आहे. घरातल्या सगळ्यांचा समज असा की ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं, आता पायात मांस भरायचं तेवढं राहिलं. तांडेलांनी त्याच वर्षी बोटीला नवं इंजिन बसवलं होतं. ते म्हणायचे, "इंजिन बसवलं तर सुरू व्हायला पायजे. मिस्त्री बसवून गेला आनि चालत नाय, असं कसं?"

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मी त्यांना खरं सांगायचं ठरवलं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि खरं सांगितलं की आपलं काम संपतं अशी माझी समजूत होती. मी म्हटलं, "तांडेल, मणक्याच्या आतून एक नस जाते. डोक्याचा हुकूम तिच्यातून पायापर्यंत पोचतो. हाड बसवलंय, पण आतली नस चिरडली आहे. हुकूम पोचला नाही की पायाचे स्नायू काम करत नाहीत, आणि काम केलं नाही की सुकत जातात."

"दोरी तुटली तर आमी गाठ मारतो."

"ही गाठ अजून कोणाला मारता येत नाही."

"मुंबईत पन नाय?"

"नाही."

"विलायतेत?"

"तिथेही नाही."

त्यांनी आढ्याकडे बघितलं. मग विचारलं, "तर मंग ऑपरेशन कशाला केलं?"

मी सांगितलं की हाड हलत राहिलं असतं तर आणखी नुकसान झालं असतं. आता निदान बसता येईल, हाताच्या जोरावर खुर्चीत जाता येईल. ते म्हणाले, "म्हंजे बोट फुटली ती फुटलीच. नुस्ती टेकून ठेवली." मी मान डोलावली. आपण फार प्रामाणिकपणे वागलो असं वाटून मी परतीच्या एसटीत बसले.

पुढच्या मंगळवारी गेले तर हजेरी तशीच चालू होती. "धर्म्या, ऊठ!" माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. हवामानाची बातमी ऐकून घेतात आणि मग आभाळाकडे बघून आपला निर्णय करतात, तसं.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी जायचे. घोटा, गुडघा, कंबर सगळे सांधे फिरवायचे, कूस बदलून पाठीवर व्रण पडलाय का बघायचं, लघवीची नळी नीट आहे का बघायचं, आणि मग हातांचा व्यायाम. हातांचा त्यांना कंटाळा. "हात हायत माझे. नाय त्याचं बोल." मी नसलेल्या दिवशी जानकीबाई आणि तांडेलांचा धाकटा भाऊ रामा त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. आत शिरलं की तांडेलांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "भरती हाय का सुकती?" ओहोटीला तिकडे सुकती म्हणतात, आणि प्रश्न पायांचा असायचा. एवढ्या एका शब्दात त्यांना उत्तर हवं असायचं, त्याच्या आधीचं आणि नंतरचं माझं व्याख्यान नको असायचं. मी म्हणायचे, "पाणी थांबलंय." ते म्हणायचे, "पानी थांबत नाय मास्तरीन. समुद्र बघितलास का कधी?"

एकदा घरात कोणी नाही असं बघून त्यांनी मला जवळ बोलावलं. बोटीखालून काढल्यावर त्यांना रस्त्यापर्यंत कसं आणलं ते मला ठाऊक होतं. त्या गावात जड ओझं एकाच रीतीने नेतात. जाळ्यात घालायचं, जाळं दोन वल्ह्यांना बांधायचं आणि चौघांनी खांदा द्यायचा. तांडेलांना तसंच आणलं होतं, जाळ्याच्या पोटात दुमडून. पुढच्या वल्ह्याला रामा होता. मोडलेला मणका दुमडला की आतल्या नसेचं काय होतं हे आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात. सपाट फळीवर बांधून आणलं असतं तर कदाचित थोडी नस शिल्लक राहिली असती. कदाचित नसतीही.

"जाळ्यातनं आनला मला," ते हळू आवाजात म्हणाले. "बोटीखाली होतो तवा अंगठा हलत होता माझा. रस्त्याला आलो तवा नाय हलला. त्यानं काय बिघडलं का?"

"नाही," मी म्हटलं. "जे व्हायचं ते बोटीखालीच झालं होतं."

"मंग बरं. रामाला सांग तसं. तो जेवत नाय."

मी रामाला तसं सांगितलं. तो ओटीवर बसून ढसाढसा रडला आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जेवला. मला त्या खोट्याचा अभिमान वाटला. खरं सांगून कोणाचं भलं झालं नव्हतं आणि खोटं सांगून एक माणूस जेवायला लागला, हे मी मनात पक्कं धरलं. पुढचं सगळं बहुधा तिथेच सुरू झालं.

नारळी पौर्णिमेला तांडेलांनी हट्ट धरला की उभं राहून नारळ सोडणार. बोटीचा तांडेल बसून नारळ सोडत नाही. मी म्हटलं, इतक्यात नको, दोन-अडीच महिने आडवा असलेला माणूस एकदम उभा केला तर रक्त खाली उतरतं, चक्कर येते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रामाने बोंबील वाळत घालायचे बांबू अंगणात समांतर रोवले होते, कठडा करून. गुडघ्यांना मागून फळ्या बांधल्या, कमरेला जाळ्याची दोरी घेतली आणि चौघांनी त्यांना उचलून मधे उभं केलं. पांढरा शुभ्र सदरा, डोक्याला लाल टोपी. उभे राहिल्यावर कळलं की माणूस किती उंच होता. मी त्यांना तोवर आडवंच बघितलं होतं.

अंगणात जमलेल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. तांडेलांनी समुद्राकडे बघितलं, रामाने हातात नारळ दिला, आणि तेवढ्यात त्यांच्या ओठांवरचा रंग गेला. नारळ खाली पडला. आम्ही त्यांना बांबूंच्या मधून ओढून काढून पाय वर करून झोपवलं तेव्हा ते शुद्धीवर येत होते. नारळ रामाने सोडला, आणि त्या वर्षी बोट रामानेच नेली. खाटेवरून ते इंजिनाचा आवाज ऐकत राहायचे. दहा बोटींच्या आवाजात आपली ओळखायचे आणि म्हणायचे, "लवकर वळवतो. अजून थोडा आत जायला पायजे."

त्यानंतर त्यांचं बोलणं कमी झालं. हजेरी बंद झाली. पाय मात्र आता उड्या मारायला लागले होते. नस तुटल्यावर काही दिवसांनी पाय आपले आपण आखडतात, झटके देतात. पांघरूण लागलं तरी गुडघा छातीकडे येतो. पहिल्यांदा झालं तेव्हा जानकीबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि शेजारणी बघायला आल्या. मला पुन्हा सांगावं लागलं की हा हुकूम डोक्याचा नाही, पाय स्वतःच हलतोय. तांडेल म्हणाले, "खलाशी आपल्या मर्जीनं वल्हं मारतो, तांडेलाला विचारत नाय. असला खलाशी काय कामाचा?" आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस जेवले नाहीत.

माणूस असा भिंतीकडे तोंड करून पडला की तो फार दिवस काढत नाही, हे मी पाहिलेलं होतं. म्हणून मी त्यांना एक उद्योग दिला. दवाखान्यात आम्ही स्नायू भरतोय की सुकतोय ते टेपने मोजतो; गुडघ्यापासून ठरावीक अंतरावर मांडीचा घेर घ्यायचा आणि लिहून ठेवायचा. मी म्हटलं, "तांडेल, आपण मांडी मोजू या." त्यांनी मान वळवली. टेप नको म्हणाले. जाळं विणायचं नायलॉनचं सूत मागवलं, मांडीभोवती घेतलं आणि टोक जुळलं तिथे गाठ मारली. मोजायचे दिवसही त्यांनीच ठरवले, अमावास्या आणि पौर्णिमा. त्या दिवशी समुद्राला उधाण असतं, ते दिवस त्यांच्या डोक्यात आपोआप असायचे.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. घेर मोजायचा तर दोन्ही मांड्यांचा मोजतात. एकीची दुसरीशी तुलना केल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नसतो. हे आमच्या धंद्यातलं मुळाक्षर आहे. पण मला कुठे खरोखर मोजायचं होतं? मला त्यांना गुंतवून ठेवायचं होतं. एक सूत, एक मांडी, पुरे झालं. मी उजवीच शिकवली.

गाठी एकाच दिशेने सरकत गेल्या. दर उधाणाला नवी गाठ जुन्या गाठीच्या आत पडायची, कधी एक बोट, कधी अर्धं. तांडेल सूत हातात घेऊन गाठींवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "सुकती हाय." पण भिंतीकडे तोंड करत नव्हते. जानकीबाईंना सांगायचे, "सुकती किती लांब जानार? कधीतरी वळनारच." तुमच्या समुद्राची सुकती वळते, ही वळायची नाही, हे मी एकदा सांगून झालं होतं. पुन्हा सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. खरं म्हणजे मलाही आता वाटायला लागलं होतं की न जाणो. झटक्यांनीसुद्धा कधी कधी मांस थोडं टिकतं असं कुठेतरी वाचलेलं मला आठवत होतं. तेवढ्यावर मीही प्रत्येक अमावास्येला त्या सुताकडे डोळे लावून बसायचे.

दिवाळीत माझे सासू-सासरे आले. फराळ, पाहुणे, अभ्यंगस्नानं यांत माझी मंगळवारची खेप चुकली. शुक्रवारची मीच चुकवली. पाडव्याला सकाळी मी सासूबाईंबरोबर बोईसरच्या बाजारात गेले. दोन्ही हातांत पिशव्या, सासूबाईंना मासळीबाजाराच्या वासाने मळमळत होतं, आणि एवढ्यात पलीकडून हाक आली, "बाय! ओ बाय!" जानकीबाई आपली टोपली सोडून धावत येत होत्या. त्यांच्या तोंडावर असं हसू मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"मांडी भरली बाय! काल अमावास्येला मोजली. दोन बोटं भायेर गाठ पडली, दोन बोटं! हाताला गरम लागते. जीव आलाय तिच्यात. तांडेल म्हनतात, मास्तरनीला सांग, भरती लागली."

मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. भर बाजारात माझे डोळे भरून आले. मी पिशव्या खाली ठेवल्या, त्यांचे माशांचे हात हातात घेतले आणि म्हटलं, "बघा, मी म्हटलं नव्हतं? व्यायाम सोडू नका. जमलं तर वाढवा थोडा. मी मंगळवारी येते." मी असं कधीच म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, कोण ही? मी म्हटलं, माझ्या पेशंटची बायको, तो बरा होतोय. तो दिवसभर मी घरात गुणगुणत होते.

डावी मांडी कशी आहे, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. एक पाय अचानक जाड झाला, गरम झाला, तर ते मांस नसतं. निजून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गाठ होते, रक्त अडतं आणि पाय सुजतो. ज्याला संवेदना आहे तो दुखतंय म्हणून ओरडतो. तांडेलांना काही कळायचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी पाय हलवायचा नाही, चोळायचा नाही, माणसाला तसंच उचलून रुग्णालयात न्यायचं. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलेलं होतं. आणि बाजारात तीन पावलांवर उभी राहून बाई मला सगळी लक्षणं ओळीने सांगत होती.

सोमवारी सकाळी खरा धर्मा वसाहतीच्या फाटकावर येऊन उभा राहिला. तांडेल गेले होते. मी पोचले तेव्हा त्यांना ओटीवर ठेवलं होतं. रामाने सांगितलं, सकाळी व्यायाम चालू होता, रोजच्या दुप्पट, तांडेलच म्हणत होते आणखी, आणखी. मधेच त्यांना धाप लागली. छातीवर कोणी बसल्यासारखं होतंय म्हणाले. बसवलं तर ओठ काळे पडले. पाणी आणेपर्यंत संपलं. "पाय तर चांगला भरत होता," रामा म्हणाला. "मंग छातीचं काय झालं?"

बायका त्यांना आंघोळ घालायच्या तयारीत होत्या. चादर सरकली तेव्हा मी दोन्ही पाय बघितले. डावा बांबूसारखा वाळलेला. उजवा फुगलेला, तकतकीत, निळसर. एक म्हातारी त्या पायावरून हात फिरवून दुसरीला म्हणाली, "बघ गो, कसा भरला होता." जानकीबाई माझ्या गळ्यात पडल्या. "अजून महिनाभर राहते तर उभे राहते, नाय का बाय?"

मी हो म्हटलं.

रामाला सांगितलेलं पहिलं खोटं मी निदान त्याच्यासाठी बोलले होते. हे मी माझ्यासाठी बोलले, हे मला त्याच क्षणी कळत होतं. पण रडणाऱ्या बाईला त्यावेळी दुसरं काय सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं, आणि वर्षामागून वर्षं समजावत राहिले. जानकीबाई बाजारात भेटायच्या, टोपलीतले दोन पापलेट जबरदस्तीने पिशवीत घालायच्या आणि शेजारच्या कोळणीला सांगायच्या, "हीच ती मास्तरीन. तांडेलाचा पाय हिनंच भरवला होता. नशीब नाय आमचं." मी मासे घेऊन घरी यायचे. कित्येकदा ते माझ्याने खाववले नाहीत, मोलकरणीला दिले.

नऊ वर्षं अशी गेली. मी तोवर बोईसरलाच दोन खोल्या घेऊन स्वतःचं केंद्र काढलं होतं. पाम, दातिवरे, कुठून कुठून माणसं यायची. कारखाने वाढले होते, पत्र्यांवरून पडणारी माणसंही वाढली होती. एका दुपारी जानकीबाई आल्या. केस पांढरे झालेले, हातात टोपली नाही. बरोबर त्यांची दातिवऱ्याची भाची होती, वीस-बावीस वर्षांची, भेदरलेली. तिचा नवरा कारखान्याच्या शेडवरून पडला होता. मणक्याचं ऑपरेशन होऊन तो घरी आला होता. पाय गेलेले.

"हिला शिकव बाय," जानकीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "मी हिला सांगितलंय, घाबरू नको. तांडेलाचा पाय आला होता, तुझ्या घरवाल्याचा पन येल."

मी त्या मुलीला शिकवायला लागले. घोटा असा, गुडघा असा, दर दोन तासांनी कूस बदलायची. या सगळ्यानंतर मी प्रत्येकाला एक सूचना देते. तांडेल गेल्यापासून एकाही घराला ती दिल्याशिवाय मी सोडलेलं नाही. त्या दिवशी मात्र ती माझ्या तोंडातून निघेना. जानकीबाईंना चहा आणायला पाठवावं असं मनात आलं. मुलगी पदराला गाठ मारून सगळं लक्षात ठेवत होती आणि माझ्याकडे बघत होती.

शेवटी मी सांगितलं. "रोज सकाळी दोन्ही मांड्या बघायच्या. एकच जाड झाली, हाताला गरम लागली, तर ते मांस नव्हे. आत रक्ताची गाठ असते. व्यायाम ताबडतोब बंद. हलवायचं नाही, चोळायचं नाही. ती गाठ सुटून छातीत गेली तर माणूस जागेवर जातो. कोणाबरोबर निरोप पाठवायचा नाही. त्याला तसंच घेऊन यायचं."

मुलगी मान हलवत होती. मी जानकीबाईंकडे बघितलं नाही. पंखा फिरत होता, बाहेरून रिक्षांचे आवाज येत होते.

"गरम लागली तर?" जानकीबाईंनी विचारलं.

"हो."

"एकच पाय?"

"हो, जानकीबाई."

त्या उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला वाटत होतं त्यांनी माझ्या थोबाडीत मारावी, म्हणजे सुटले असते मी. माफी मागायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग भाचीकडे वळून म्हणाल्या, "दोन्ही बघायचे गो. एक नाय." आणि पदराने तोंड पुसलं.

"नऊ वर्सं मी गावभर सांगत फिरले," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तांडेल पाय घेऊन गेला म्हनून. तेवढंच होतं माझ्याकडं. आता काय सांगू?"